आचारी बदलून विष जात नाही

प्रति,
सर्व यात्रा कमिट्या, देवस्की पंच कमिट्या, गणेशोत्सव मंडळं आणि महिला मंडळं,
खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी आणि सीमाभागातली सगळी गावं.

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आमच्या गावच्या देवळात बैठक झाली. येत्या महाप्रसादाचा विषय होता. ठराव एकच झाला, आचारी बदलायचा. भात मागच्यासारखाच आदल्या रात्री शिजवून ठेवायचा, खिरीसाठी दूध मागच्यासारखंच दुपारपासून गोळा करायचं, आणि दोन वर्षांपूर्वी यात्रेच्या जेवणातून जी विषबाधा झाली तिचा विषय परत काढायचा नाही. मी बायकांच्या बाजूला बसून सगळं ऐकत होते. बोलायला उठले, तोवर आरती सुरू झाली. म्हणून हे पत्र. गावाचं नाव घालत नाही, कारण गावाची अब्रू मला माझ्या अब्रूइतकीच आहे. आणि हे एका गावाचं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आमच्या कमिटीनं जो आचारी बदलायचा ठरवला, ते माझे आप्पा. तीस वर्षं त्यांनी या पंचक्रोशीतल्या लग्नांचा, बारशांचा, तेराव्याचा, यात्रेचा स्वयंपाक केला. देवीच्या जेवणाची मजुरी कधी घेतली नाही, नारळ आणि पानसुपारी घेतली. मी बेळगावात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. जिवाणू वाढवायच्या प्लेटी रोज माझ्या हातून जातात. त्यामुळे हा विषय मला दोन्हीकडून लागतो, आप्पांच्या बाजूनं आणि कामाच्या बाजूनं.

त्या दिवशी काय झालं ते आधी सांगते, कारण गावात आता त्याच्या तीन-चार वेगळ्या गोष्टी फिरतात.

देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या जागेवर, बसून तिसरा दिवस होता. माहेरवाशिणी आल्या होत्या, घरटी दहा-पंधरा पाहुणे. चार हजार माणसांचा अंदाज, पाच क्विंटल तांदूळ. आप्पांचं म्हणणं होतं, पहाटे चुलीचे दोन चर खणू, सातला पहिला घाणा टाकू, पंगत बसेल तसा भात उतरवू. कमिटीनं सांगितलं, सकाळी पालखीची वाट मोकळी लागते, रात्रीच उरकून टाका. रात्री नऊला चर पेटला आणि दोनला शेवटचा टोप उतरला. ताडपत्रीवर पांढरं कापड अंथरून सगळा भात त्यावर ओतला. गुडघ्याएवढा ढीग झाला. वरून ओली धोतरं टाकली.

सकाळी नऊला नैवेद्याचं ताट भरायला मी तिथं गेले. वरचा भात गार होता, कडेला तर सुकून दाणा दाणा झालेला. खालचा मऊ भात घ्यावा म्हणून आत हात घातला, तर कोपरापर्यंत ऊब लागली. तापलेल्या लेकराच्या अंगाला हात लावल्यासारखी ऊब. सात तास झाले होते भात उतरून. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण देवीच्या जेवणाला नाव कसं ठेवायचं म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला आजही टोचतं, आणि पुन्हा गप्प बसायचं नाही म्हणूनच लिहिते आहे.

साडेबाराला पहिली पंगत बसली. तीनच्या आत उलट्या सुरू झाल्या. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकाव्या लागल्या, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना बांधल्या. शंभराच्या वर माणसं होती, त्यात पोरं जास्त. माझ्या चुलतबहिणीची पाच वर्षांची मुलगी दोन दिवस सलाइनवर होती. देवीच्या कृपेनं कुणी दगावलं नाही.

आता त्या उबेविषयी.

मातीत एक जिवाणू असतो, बॅसिलस सेरियस. आमच्या खानापूरच्या तांबड्या मातीत असतो, येळ्ळूर-वडगावच्या काळ्या शिवारात असतो. साळीच्या टरफलावर असतो, तिथून तांदळात येतो. हळदीत, मसाल्यातही असतो. तो टाळता येत नाही आणि टाळायची गरजही नाही, कारण चार-दोन जिवाणूंनी कुणाला काही होत नाही. पण त्याच्याकडे एक युक्ती आहे. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती कवच करून बी होऊन बसतो. शास्त्रात त्याला बीजाणू म्हणतात. उन्हाळाभर सुक्या मातीत पडलेलं गवताचं बी पहिल्या पावसाला उगवतं, तसंच. भात उकळतो तेव्हा बाकीचे बहुतेक जिवाणू मरतात, हे बी मरत नाही. उलट त्याला रान मोकळं मिळतं. भात कोमट झाला की ते उगवतं, वाढतं आणि वाढता वाढता भातात विष सोडतं. ओकारी आणणारं ते विष इतकं चिवट आहे की 121 अंशांवर, म्हणजे प्रेशर कुकरच्या उष्णतेत, दीड तास ठेवलं तरी टिकतं. तो भात परत वाफवला, फोडणीला टाकला, तरी विष तसंच राहतं. वास येत नाही, चव बदलत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

5 ते 60 अंश ही जिवाणूंची सुगी. 60 च्या वर ते वाढत नाहीत, 5 च्या खाली जवळजवळ थांबतात. आपला तो ढीग पहाटेपासून दुपारपर्यंत या दोहोंच्या मध्ये होता. वरची ओली धोतरं भात गार करण्यासाठी नव्हती, सुकू नये म्हणून होती. त्यांनी ऊब आत कोंडली.

दुसरा संशय खिरीचा. तिचा आरोपी मातीत नसतो, माणसात असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस. धडधाकट माणसांतही साधारण चारांत एकाच्या नाकात हा राहतो. कातडीवर असतो, गळवात, पिकलेल्या नखुरड्यात, चिरलेल्या बोटात तर भरपूर असतो. कास सुजलेल्या म्हशीच्या दुधातही उतरतो. हा स्वतः उकळीत मरतो, पण त्यानं आधी करून ठेवलेलं विष उकळीला दाद देत नाही. 1914 मध्ये फिलिपीन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकानं हे स्वतःवर तपासलं. एका गोठ्यातल्या गायीच्या कासेत हा जिवाणू होता. तिचं ताजं दूध पिऊन त्याला काही होत नसे. तेच दूध काही तास बाहेर ठेवून प्यायलं की उलट्या. आपल्याकडे खिरीसाठी दुपारी दोनपासून घराघरांतून किटल्या येतात, एका मोठ्या ड्रममध्ये ओतल्या जातात, आणि दूध चुलीवर चढतं रात्री आठला. चैत्रातल्या उन्हात सहा तास. मग कुणी म्हणतं, "उकळलंय की चांगलं, काय होतंय?"

एका बोटानं किती होऊ शकतं याचं उदाहरण साऱ्या जगाला ठाऊक आहे. 1975 च्या फेब्रुवारीत जपानच्या एका विमानात सकाळच्या न्याहारीनंतर 344 प्रवाशांपैकी जवळजवळ दोनशे आजारी पडले. न्याहारीचं मांस हाताळणाऱ्या स्वयंपाक्याच्या बोटावर पिकलेले फोड होते. पण नुसत्या फोडांनी दोनशे माणसं पडली नसती. ते खाणं फ्रीजबाहेर, कोमट, तासन्‌तास पडून राहिलं म्हणून पडली. आप्पांच्या हाताला बोट दाखवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. हात आचाऱ्याचा असतो, वेळ ठरवणारी कमिटी असते.

मटणाच्या जेवणाचा जिवाणू तिसरा, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. मातीत, जनावरांच्या आणि माणसांच्या आतड्यांत याचा मुक्काम. याचंही बी उकळीत मरत नाही. मोठ्या टोपातला दाट रस्सा वरून निवतो, पोटात चार-पाच तास गरम राहतो, आणि उकळल्यामुळे आतली हवा निघून गेलेली असते. याला हवा नकोच असते. 43 ते 47 अंशांत हा दहा-दहा मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे एकाचे तीन तासांत अडीच लाखांच्या वर. तो पोटात गेला की विष आतड्यात सोडतो, म्हणून त्रास सहा तासांपासून दिवसभरात कधीही होतो. पोटात मुरडा आणि जुलाब, उलटी क्वचित. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी पाहुण्यांची पोटं बिघडतात आणि आपण म्हणतो, मटण पचलं नाही. यावर मात्र उपाय सोपा आहे. उरलेला रस्सा नुसता कोमट न करता खळखळून उकळला तर बियांतून उगवून वाढलेले जिवाणू मरतात.

चौथा, बोट्युलिनम, मोठ्या जेवणावळीत सहसा येत नाही. तोही मातीतलाच. आपली लोणची आंबट असतात म्हणून तिथं त्याचं चालत नाही. फुगलेला डबा उघडू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या जिभेवर मध लावू नका, कारण मधात याचं बी असू शकतं. बारशाला हौसेनं मध चाटवणाऱ्या आज्यांना एवढं जरूर सांगा.

हे सगळं मी त्या संध्याकाळी सांगू शकले असते. पण पुरावा कुठं होता? इथून माझ्या तक्रारी सुरू होतात.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. संध्याकाळी सहाला मी लॅबमधून निर्जंतुक डब्या घेऊन मैदानात पोचले, तेव्हा टोप घासून पालथे घातलेले होते. उरलेला भात म्हशींना गेला होता, खीर ओढ्यात. चमचाभर भात शिल्लक असता तरी मी प्लेटीवर लावून चार दिवसांत सांगितलं असतं, हा जिवाणू मातीतला की माणसाच्या अंगावरचा. तीन तासांत उलट्या झाल्या म्हणजे विष अन्नात तयार होतं, एवढंच वेळेवरून सांगता आलं. भात की खीर, हे टोपांबरोबर धुऊन गेलं. आणि ते घाबरून धुतलं असं नाही, कुणीतरी सांगून धुतलं. "पोलीस यायच्या आत आवरा" हे शब्द मी ऐकले आहेत.

दुसरी. दवाखान्यात आलेल्यांना शिकवून पाठवलं होतं, ऊन लागलं म्हणून सांगा. डॉक्टरला खोटं सांगितलं की तो उन्हाचं औषध देतो. अशा विषबाधेत जिवाणू मारायच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, कारण विष आधीच बनलेलं असतं. अंगातलं पाणी आणि मीठ टिकवणं हाच इलाज. काय खाल्लं, कधी खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

तिसरी आप्पांची. चौकशी झाली नाही, त्यांना बोलावलं नाही, विचारलं नाही. चार दिवसांनी दुकानावर कानावर आलं की आचाऱ्याच्या हाताला काहीतरी होतं. त्यांच्या हाताला काही नव्हतं. नाकात असेलही. माझ्याही असेल, कमिटीतल्या चार-पाच जणांच्या तरी असणारच. रात्री शिजवायला त्यांनी सगळ्यांसमोर नको म्हटलं होतं, हे बैठकीला असलेल्या प्रत्येकाला आठवतं आहे. एकानंही तोंड उघडलं नाही. दोन वर्षं झाली, आप्पांनी झारा हातात घेतलेला नाही. घरचा चहासुद्धा आई करते.

आणि कायद्याचं एक, कारण "देवाच्या कामात कसला कायदा" हे मी फार ऐकलं. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा आहे, त्याखाली 2011 साली नियम झाले. त्या नियमांत नोंदणी करायची असलेल्या छोट्या अन्न-व्यावसायिकांच्या व्याख्येतच धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारे येतात. देवस्थानांतल्या प्रसादासाठी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 'भोग' नावाचा उपक्रमही आहे. म्हणजे महाप्रसाद कायद्याच्या बाहेर नाही. मला कुणावर केस करायची नाही. पण ज्याची नोंद झाली, त्याला निदान शिकवायला तरी कुणी येतं.

आता मागण्या. आमच्या कमिटीला आणि तुम्हा सर्वांना सारख्याच.

भात आदल्या रात्री शिजवू नका. काही झालं तरी नको. आप्पांचा हिशोब अजून पाठ आहे. एका घाण्याला पन्नास किलो, पाच क्विंटलला दहा घाणे, दोन चर पेटवले तर पाच तास. सातला सुरुवात केली की बारापर्यंत सगळा उतरतो, आणि पंगती तीनपर्यंत चालतात म्हणून शेवटचे घाणे उशिरा टाकले तरी भागतं. उतरलेला भात टोपातच झाकून ठेवा, ओतू नका. तो वाफाळता असतानाच पानात पडला पाहिजे. पालखीची वाट मोकळी लागते, तर चर देवळाच्या मागं खणा. जागा आहे. मी मोजून आले आहे.

दूध आल्या आल्या तापवा. पहिली किटली आली की चूल पेटलेली हवी. रात्री आठची वाट पाहायची नाही. ज्याची म्हैस सुजली असेल त्यानं न लाजता सांगावं, देवी त्याचं दूध न घेताही पावन करेल.

ज्याच्या हाताला जखम, गळू किंवा नखुरडं आहे, त्याला त्या दिवशी वाढायला किंवा मळायला लावू नका. पाणी भरू द्या, पत्रावळी उचलू द्या. सेवा तीही आहे. हात धुवायला साबण आणि वाहतं पाणी चरापाशीच ठेवा, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नको.

प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना, उकळून घेतलेल्या झाकणाच्या डब्यात, तारीख-वेळ लिहून, कुणाच्या तरी फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवा. काही झालं नाही तर टाकून द्या. झालं तर तोच डबा निरपराध माणसाला वाचवेल.

एक थर्मामीटर विकत घ्या. मंडपाच्या एका झालरीच्या पैशात येतो.

अन्नसुरक्षेची आणि आरोग्याची जबाबदारी ज्या सरकारी अधिकाऱ्यांवर आहे, त्यांनाही एक विनंती. आमच्या गावांतले आचारी मराठी बोलतात, पलीकडच्या गावांतले कन्नड. चराच्या कडेला उभं राहून दोघंही सारखाच घाम गाळतात. यात्रेचा हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक तालुक्यात या स्वयंपाक्यांचं एक दिवसाचं शिक्षण घ्या, मराठीतून आणि कन्नडमधून, आणि पाच ओळींचा कागद दोन्ही भाषांत छापा. कायद्याच्या 35 व्या कलमानं डॉक्टरांना विषबाधेच्या घटना कळवायला सांगता येतं. ते इथं सांगितलं जावं, म्हणजे "ऊन लागलं" असं सांगून विषय मिटवणं बंद होईल.

शेवटची मागणी फक्त आमच्या कमिटीला. आचारी बदलायचा ठराव मागं घ्या किंवा घेऊ नका, तो तुमचा अधिकार. पण दोन वर्षांपूर्वी रात्री शिजवायचा निर्णय कमिटीचा होता, आचाऱ्याचा नव्हता, एवढं एक वाक्य वहीत लिहा आणि पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. मी त्या दिवशी थर्मामीटर घेऊन येते. घाण्यांचा हिशोब समजावायला आप्पाही येतील. त्यांना निरोप मात्र कमिटीकडून आला पाहिजे, माझ्याकडून नको.

आपली,
आचाऱ्याची मुलगी,
खानापूर तालुका